सेउणदेशाचे आरंभीचे राज्य : नामांची साक्ष

देवगिरीच्या यादवांचा इतिहास सामान्यतः पाचव्या भिल्लमाच्या स्वातंत्र्यघोषणेपासून, म्हणजे इ. स. ११८७ च्या सुमारापासून, सांगितला जातो. परंतु तत्पूर्वी सुमारे तीन शतके हे घराणे मांडलिक म्हणून एका लहानशा प्रदेशावर राज्य करीत होते. हा प्रदेश म्हणजे सेउणदेश. लासलगावच्या उत्तरेस चांदवड आणि नैर्ऋत्येस सिन्नर ही या राज्याची दोन आद्य केंद्रे होत. लासलगावचा परिसर या दोहोंच्या मध्ये येतो.

घराण्याचा पहिला ज्ञात पुरुष दृढप्रहार हा नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील होय. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरीच्या नासिककल्पात त्याची कथा येते. चोरांनी पळविलेली गुरे त्याने सोडविली व लोकांनी त्याला ‘तलार’, म्हणजे नगररक्षक, नेमले. कथेतील द्वारवतीचा भाग पुराणाच्या वळणाचा आहे. द्वारवतीचे स्वामित्व तर होयसळही आपल्या बिरुदांत मिरवीत. परंतु गुरांच्या रक्षणातून सत्ता उभी राहिली, हा तपशील भूगोलाशी जुळतो. खानदेशातून गोदावरीच्या खोऱ्यात उतरणारी वाट चांदवडजवळ सातमाळ्याची रांग ओलांडते. ही वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती हा मुलूख.

दृढप्रहाराची राजधानी चंद्रादित्यपूर ही चांदवड, अर्थात जुने चांदोर, मानली जाते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक अडचण आहे. ‘चंद्रपुर’ यापासून ‘चंदउर’ व पुढे ‘चांदोर’ ही परिणती सरळ आहे. ‘आदित्य’ या पदाचा मात्र ‘चांदोर’ मध्ये मागमूस नाही. तेव्हा नाम आधीच संक्षिप्त झाले होते असे मानावे लागते, आणि ही ओळख ध्वनिनियमांपेक्षा स्थानावर अधिक अवलंबून राहते. सिन्नरची स्थिती निराळी आहे. ताम्रपटांतील सिंदीनगर या नामातील ‘नगर’ चे ‘नयर’ व पुढे ‘नेर’ होणे संगमनेर, पारनेर या नामांतही दिसते. ‘सिंदीनेर’ चे ‘सिन्नर’ होणे त्याच ओघातले आहे.

दृढप्रहाराचा पुत्र सेउणचंद्र याच्यावरून देशाला व वंशाला सेउण हे नाव पडले, असे हेमाद्रीच्या राजप्रशस्तीवरून दिसते. पुढील राजांच्या नामावळीत धाडियप्प, वद्दिग, वेसुगी अशी कन्नड वळणाची नावे येतात. त्यांच्या आधारे घराण्याचे मूळ कर्नाटकात शोधण्यात आले. उलट पक्षाने त्यांचा मुलूख पुढे करून ते महाराष्ट्रीय ठरविले. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट पुरेशी ध्यानी घेतलेली नाही. राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याचा मांडलिक असलेल्या वद्दिगाचे नाव कृष्णाच्या पित्याचेही होते, आणि वद्दिगाची राणी राष्ट्रकूट कुळातील ढोरप्पाची कन्या होती. असे नाव घरातील भाषेपेक्षा सार्वभौमाशी असलेले नाते अधिक सांगते.

हेच नाते घराण्याच्या टिकावाचे साधन ठरले. इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूट सत्ता कोसळली, तेव्हा दुसऱ्या भिल्लमाने चालुक्य तैलपाचा पक्ष धरला. शके ९२२ (इ. स. १०००) च्या संगमनेर ताम्रपटात परमार मुंजाविरुद्धच्या त्याच्या पराक्रमाचे वर्णन आहे. तिसऱ्या भिल्लमाने चालुक्य जयसिंहाची कन्या अव्वल्लदेवी हिच्याशी विवाह केला. दुसऱ्या सेउणचंद्राने गृहकलहात सहाव्या विक्रमादित्याला साहाय्य केले. या सेउणचंद्राचा शके ९९१ (इ. स. १०६९) चा ताम्रपट वसई येथे सापडला आहे. शके १०६३ चा अंजनेरीचा शिलालेख तिसऱ्या सेउणचंद्राने चंद्रप्रभाच्या जैन मंदिराला दिलेल्या दानाची नोंद करतो. नासिक परिसरावरील घराण्याची पकड तेव्हाही कायम होती, हे त्यावरून कळते.

सारांश, सार्वभौम बदलले, राजधानी चांदोराहून सिन्नरास व शेवटी देवगिरीस गेली, राजांच्या नामांचे वळणही पालटले. देशाचे नाव मात्र सेउण असेच राहिले. व्यक्तिनामांवरून वंशाची भाषा ठरविणे धोक्याचे असते. ज्या काळी एकच दरबार संस्कृतात दाने लिहवीत होता आणि कन्नड व मराठी दोन्ही भाषांच्या सीमेवर वावरत होता, त्या काळाला आजच्या प्रांतांच्या मर्यादा लावणे इतिहासास मानवणारे नाही.