स्प्रिंग कडक करण्याआधी : छोट्या वेगवान गाड्यांच्या सस्पेन्शनचा इतिहास आणि निवड

ऑटोमोबाइलचा तास संपला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, गाडी थोडी खाली बसवायची आहे, कोणत्या स्प्रिंग घेऊ?" गाडी बहुधा छोटी हॅचबॅक असते, इंजिन चपळ असते आणि खिशात पहिल्या काही पगारांची बचत असते. दुकानातली यादी उघडण्यापूर्वी अभियंत्यांनी हा प्रश्न गेल्या सव्वाशे वर्षांत कसा सोडवत आणला, ते आपण पाहू. निवडीचे बहुतेक नियम त्या इतिहासातच सापडतात.

१. स्प्रिंग आणि डॅम्पर : दोन वेगळी कामे

मोटारीला पाट्यांची स्प्रिंग घोडागाडीकडून मिळाली. पाटे एकमेकांवर घासत, त्यामुळे हेलकावे थोडे आपोआप कमी होत. वेग वाढला तसे हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्समधील त्रुफो यांचा घर्षण-डॅम्पर अमेरिकेत हार्टफर्ड यांनी बाजारात आणला. त्याच सुमारास मॉरिस उदाय यांनी तेलाच्या दाबावर चालणारा डॅम्पर पुढे आणला.

यातला मूळ विचार लक्षात ठेवा. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. डॅम्पर ती ऊर्जा उष्णतेत बदलून संपवतो. गॅरेजात आपण ज्याला 'शॉकअप' म्हणतो तो धक्का शोषत नाही. धक्क्यानंतरचे हेलकावे थांबवतो.

२. ओली यांचा धडा : पुढचे आणि मागचे एकत्र पाहा

१९३० च्या दशकात मॉरिस ओली हे रोल्स-रॉइसमधून अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये आले. त्यांनी गाडीवरची वजने हलवून प्रयोग केले आणि प्रवाशाला काय जाणवते ते तपासले. पुढचे चाक खड्ड्यावरून आधी जाते, मागचे नंतर. मागच्या स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवली, तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडीचे डोलणे लवकर थांबते. म्हणून फक्त पुढच्या दोन स्प्रिंग बदलणे म्हणजे निर्मात्याने जुळवलेले हे नाते मोडणे होय.

३. मॅकफर्सन, मिनी आणि गोल्फ

अर्ल मॅकफर्सन यांनी स्प्रिंग, डॅम्पर आणि चाकाला आधार देणारा दांडा एकाच उभ्या जुळणीत बसवला. फोर्डच्या १९५० च्या सुमाराच्या गाड्यांमधून ही रचना रुळली. ती स्वस्त आणि आटोपशीर होती. आडवे इंजिन बसवायला तिने जागा मोकळी ठेवली. आज आपल्या जवळजवळ प्रत्येक हॅचबॅकच्या पुढच्या चाकांना हीच रचना असते.

१९५९ च्या मिनीने दुसरी वाट घेतली. इसिगोनिस यांच्या या गाडीत अॅलेक्स मोल्टन यांनी रबराचे शंकू स्प्रिंग म्हणून वापरले. दहा इंची चाके आणि अगदी थोडी हालचाल, तरीही मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. छोटी गाडी वळणावर मोठ्या गाडीला मागे टाकू शकते, हे जगाने तिथे पाहिले.

डॅम्परचीही प्रगती चालू होती. नेदरलँड्सच्या कोनी कंपनीने जोर कमी-जास्त करता येणारे डॅम्पर लोकप्रिय केले. फ्रान्सच्या द कार्बोन यांनी एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू ठेवला, त्यामुळे सतत हादरे बसले तरी तेलाचा फेस होणे टळले. जर्मनीच्या बिलस्टाइनने असे डॅम्पर १९५७ पासून मर्सिडीजला पुरवले.

१९७६ मध्ये फोक्सवागनने गोल्फ जीटीआय विक्रीस आणली : १५८८ सीसी, ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८०० किलो. सुरुवातीला ५००० गाड्यांचाच बेत होता. पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून अधिक विकल्या गेल्या. तिचे सस्पेन्शन साध्या गोल्फपेक्षा खाली होते, डॅम्पर कडक होते, पुढे-मागे अँटी-रोल बार होते. हे सगळे बदल कारखान्यात एकमेकांना जुळवून केलेले होते, हे विसरू नका.

४. थोडे गणित

समजा, एका चाकावर ३०० किलो स्प्रंग वस्तुमान आहे आणि चाकापाशी स्प्रिंगची कडकता २० न्यूटन प्रति मिमी आहे. वारंवारता १.३० हर्ट्झ येते. तुम्ही ३० टक्के कडक, म्हणजे २६ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग घातली, तर ती १.४८ हर्ट्झ होते. गाडी चपळ वाटते ती यामुळे. पण अवमंदन गुणोत्तर कडकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. जुनाच डॅम्पर ठेवला तर ते सुमारे १२ टक्क्यांनी घटते. पूर्वीइतके हवे असेल तर डॅम्परचा जोर सुमारे १४ टक्के वाढवावा लागेल.

आता उंची पाहा. मूळ गाडीत बंप स्टॉपपर्यंत ८० मिमी जागा होती, ती गाडी खाली बसवून ५० मिमी झाली. जुनी स्प्रिंग त्या अंतरात ६४ ज्यूल ऊर्जा झेलत होती. नवी, जास्त कडक स्प्रिंग झेलते फक्त ३२.५ ज्यूल. म्हणजे कडकता वाढली आणि खड्डा पचवण्याची ताकद निम्मी झाली. उरलेला हिसका बंप स्टॉप, स्ट्रटचे वरचे माउंट आणि बॉडीवर जातो. वर भर अशी की, मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली बसवली की खालचा आर्म वर कलतो आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जाते. मग वळणावर गाडीला कलवणारी तरफ लांब होते.

५. आपल्या रस्त्यावर

२०१३ मध्ये आलेली पोलो जीटी टीएसआय पुण्याजवळच्या चाकणला बनत होती. आपल्याकडे अशी गाडीही गतिरोधक, खड्डे आणि भरलेली मागची सीट गृहीत धरून उभी करावी लागते. जर्मनीच्या गुळगुळीत रस्त्यासाठी केलेला संच इथे जसाच्या तसा बसेल असे मानू नका.

कायदाही वाचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. पैसे देण्याआधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

६. निवडीचा क्रम

(अ) आधी टायर, हवेचा दाब, बुश आणि अलाइनमेंट तपासा. झिजलेल्या बुशवर नवी स्प्रिंग म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.
(आ) जुने डॅम्पर थकले असतील तर मूळ उंचीचे चांगले डॅम्पर बसवा. पुष्कळांचे समाधान इथेच होते.
(इ) वळणावर गाडी फार कलत असेल तर अँटी-रोल बारचा विचार करा. सरळ रस्त्यावर, दोन्ही चाके सारखी हलताना तो जवळजवळ काहीच करत नाही, त्यामुळे आराम फारसा जात नाही.
(ई) स्प्रिंग बदलायचीच असेल तर चारही बदला, जुळणाऱ्या डॅम्परसह. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली करू नका.
(उ) कॉइलओव्हर शेवटी, आणि मोजमाप करणारा माणूस हाताशी असेल तरच.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात गाडी खाली बसवूनही ६४ ज्यूल झेलायचे असतील, तर ५० मिमी अंतरासाठी स्प्रिंगची कडकता किती लागेल? त्यानुसार वारंवारता काढा.
२. ती वारंवारता घेऊन आई-वडिलांना रोज दवाखान्यात नेता येईल का? कारणांसह लिहा.