घरगुती राउटरमधील जोडणी-मर्यादा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

घरातील इंटरनेट अचानक थांबते आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की पूर्ववत होते. या अनुभवाचे एक कारण इतिहासात आढळते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता 32 बिटांचा असल्याने सुमारे 429 कोटी पत्तेच शक्य होते. या टंचाईवर उपाय म्हणून 1994 मध्ये एगेव्हांग व फ्रान्सिस यांनी 'नॅट' ही पत्ता-रूपांतराची पद्धत मांडली. पुढे पोर्ट क्रमांकांच्या साहाय्याने संपूर्ण घराला एकच सार्वजनिक पत्ता पुरू लागला. मात्र प्रत्येक जोडणीची नोंद ठेवण्याचा भार राउटरवर पडला.

2001 मध्ये आलेल्या लिनक्स 2.4 च्या फायरवॉलमध्ये या नोंदींची कमाल संख्या स्मृतिक्षमतेनुसार ठरत असे. रीतसर न मिटलेल्या टीसीपी जोडणीची नोंद मात्र पाच दिवस टिकून राही. त्याच वर्षी अवतरलेल्या बिटटोरंटमुळे एकाच वेळी शेकडो जोडण्या उघडू लागल्या. परिणामी नोंदवही मृत नोंदींनी भरे व नव्या जोडण्या नाकारल्या जात.

अशा वेळी दोष तारेचा नसून नोंदवहीचा असतो. म्हणून प्रथम चालू नोंदींची संख्या मर्यादेशी ताडून पाहावी, नंतर नोंदींचा कालावधी घटवावा. तो 2 तास 4 मिनिटांहून कमी नसावा, अशी आयईटीएफची 2008 ची शिफारस आहे. राउटर पुन्हा सुरू केल्याने केवळ वही कोरी होते. कारण कायम राहते.