संगणक सुरू होत नाही, तेव्हा दोष कोठे शोधावा?

चतुर्थीला आठ-दहा दिवस गावच्या घरी राहून परतावे आणि बंद पडून असलेल्या संगणकाचे बटण दाबताच काहीच घडू नये, हा अनुभव गोमंतकात अनेक घरांना येतो. पावसाळाभर साचलेली आर्द्रता, किनाऱ्यालगतची खारी हवा, येणारी-जाणारी वीज आणि विजांचा कडकडाट या साऱ्यांचा परिणाम या यंत्रावर होत असतो. अशा वेळी संगणक उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो आणि तेथे ‘फॉरमॅट’ करण्याचा सल्ला पुष्कळदा सहजपणे दिला जातो. त्यात घरातील छायाचित्रे, दस्तऐवजांच्या प्रती, मुलांचे प्रकल्प नाहीसे होतात. वस्तुतः ज्या संगणकात वीजच खेळत नाही, त्याला फॉरमॅटचा कोणताही उपयोग नाही. त्यामुळे दोष विजेचा, सुट्या भागांचा की आज्ञावलीचा, हे आधी ठरवावे. त्यासाठी बटण दाबल्यावर पंखा फिरतो का, दिवा लागतो का आणि पडद्यावर काही उमटते का, एवढेच पाहायचे असते.

तिन्हींपैकी काहीच होत नसेल, तर तपास भिंतीपासून सुरू करावा. त्याच सॉकेटमध्ये टेबल-लॅम्प लावून पाहावा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचा स्वतंत्र खटका असतो; साफसफाई करताना तो बंद होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. वायर मागच्या बाजूने घट्ट बसवावी. मध्ये यूपीएस असेल, तर तो वगळून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावा, कारण बॅटरी पूर्ण निकामी झालेले काही यूपीएस घरात वीज असतानाही सुरू होत नाहीत. या बॅटऱ्या शिशाच्या असतात व उष्ण हवेत त्यांचे आयुष्य घटते. तीन-चार वर्षांनंतर त्यांच्यावर विसंबून राहू नये. यूपीएसला लेझर प्रिंटर जोडण्याची सवयही बरी नव्हे.

येथेच अर्थिंगचा विचार करायला हवा, कारण जुन्या घरांत त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लागताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर घरचे अर्थिंग तुटलेले आहे किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून जोडलेला आहे, असे बहुधा समजावे. एसएमपीएसमध्ये विद्युत गोंगाट अडवणारे छोटे कपॅसिटर असतात व त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत जाणे अपेक्षित असते. ती वाट बंद झाली की कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्म्याइतका, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांचा दाब जाणवू शकतो. प्रवाह अत्यल्प असल्याने एरवी केवळ झिणझिण्या येतात. परंतु आत खरोखरच बिघाड झाला, तर संरक्षण उरत नाही. हे काम संगणक दुरुस्त करणाऱ्याचे नव्हे, वायरमनचे आहे.

एसएमपीएस २३० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टांच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. संगणक बंद असतानाही तो मदरबोर्डला थोडी वीज पुरवत असतो, म्हणूनच अनेक बोर्डांवर एक बारीक दिवा सतत जळतो. तो दिवा लागत असूनही बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर खुद्द बटणावर संशय घ्यावा. खाऱ्या दमट हवेत ही छोटी बटणे आतून गंजतात. त्यावर सोपी युक्ती अशी, की रीसेट बटणाची दोन तारांची जोडी काढून बोर्डावरील पॉवर बटणाच्या दोन पिनांवर बसवावी. दोन्ही बटणे एकाच जातीची असल्याने संगणक रीसेटच्या बटणाने सुरू होतो. कॅबिनेट उघडण्यापूर्वी मात्र प्लग काढावा, बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि उघड्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थितिक विद्युत घालवावी.

दिवाही लागत नसेल, तर एसएमपीएस गेला असण्याची शक्यता अधिक. कागदाच्या टाचणीने तो सुरू करून पाहण्याची पद्धत ऐकण्यात येते. परंतु त्यात पंखा फिरला, तरी पूर्ण भार पेलण्याची क्षमता सिद्ध होत नाही. चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे हाच भरवशाचा मार्ग. त्याचे कवच घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ टिकून असू शकतो. कडकडाटानंतर संगणकाबरोबर राउटरही बंद पडला असेल, तर आघात नेटवर्कच्या तांब्याच्या केबलमधूनही आलेला असू शकतो. म्हणून गडगडाट सुरू होताच केवळ प्लग नव्हे, ती केबलही काढावी.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, अशी दुसरी अवस्था. कीबोर्डवरील नम-लॉकचा दिवा दाबल्यावर बदलत असेल, तर संगणक जिवंत आहे. मग मॉनिटरची केबल पाहावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्यालाच जोडलेली हवी. तो दिवाही बदलत नसेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी टोके स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावीत, चुरा झटकावा आणि एकेक पट्टी ‘कट्’ असा आवाज होईपर्यंत बसवून पाहावी. दमट ऋतूनंतर पुष्कळ संगणक एवढ्यानेच सुरू होतात. यंत्र सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडत असेल, तर प्रोसेसरच्या पंख्यात साचलेली धूळ व त्याखालील वाळलेली पेस्ट पाहावी. एका क्षणातच बंद पडत असेल, तर कोठेतरी शॉर्ट असू शकतो.

लॅपटॉपचा चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवावे व पुन्हा चार्जर लावून पाहावे. तळ फुगलेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे. तो चार्ज करू नये.

पडद्यावर अक्षरे येतात पण विंडोज येत नाही, ही तिसरी अवस्था. प्रत्येक वेळी घड्याळ मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टांचा नाण्यासारखा सेल बदलावा. त्याचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला, तर यूएसबीला लावलेला पेनड्राइव्ह काढावा आणि डिस्कची केबल तपासावी. विंडोज सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला, की दुरुस्तीचा पर्याय आपोआप समोर येतो. जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र ती पुन्हा पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नात आतील माहिती अधिक धोक्यात येते.

संगणक दुकानात देण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. नव्या विंडोज संगणकांत डिस्क अनेकदा मालकाच्या नकळत बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मदरबोर्ड बदलल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते; मोबाइलवरून पाहून कागदावर लिहून ठेवावी. ती न मिळाल्यास डिस्क धडधाकट असूनही आतील माहिती हाती लागत नाही. आणि दोष एसएमपीएस, रॅम वा बटणाचा असल्यास डिस्क काढून घरी ठेवून उरलेले यंत्र द्यावे. त्या दुरुस्तीला तिची गरज नसते.