जाड जाळी

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेत स्टाव्हँगरजवळच्या खाडीत ‘स्लाइप्नर ए’ या सागरी फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवला जात होता. ६५ मीटरवर एक भिंत फुटली आणि सारे धूड तळाशी गेले. माणसे तेवढी वाचली.

दोष निघाला गणितात. अशा बांधकामाचे संगणकावर लहान तुकडे पाडून, म्हणजे जाळी विणून, ताण काढतात. कोठ्यांच्या सांध्याशी ही जाळी फार जाड होती. कर्तन-ताण ४७ टक्क्यांनी कमी निघाला, भिंती पातळ राहिल्या. नंतर बारकाईने हिशेब केला, तर भिंत फुटण्याची खोली आली ६२ मीटर!

मला खटकते ते पुढचेच. उत्तरातली चूक उत्तरावरूनच अजमावण्याची रीत बाबुश्का आणि राइनबोल्ट यांनी १९७८ मध्येच मांडली होती. १९८७ मध्ये झिएन्केविच आणि झू यांनी ती फारच सोपी केली. शेजारच्या तुकड्यांतले ताण एकमेकांशी जुळत नाहीत, उड्या मारतात. त्या उड्या गुळगुळीत करायच्या आणि मूळ ताणाशी ताडून पाहायच्या. तफावत मोठी दिसेल तेवढ्याच जागी जाळी बारीक करायची. सगळीकडे नव्हे, तेवढी संगणकशक्ती तेव्हा होती कुणाकडे?

हे सारे फलाट बुडण्याच्या चार वर्षे आधी छापून आले होते. त्या सांध्याशी जाळी मात्र जाडच राहिली.