हेवी डिपॉझिट, पागडी की म्हाडा? मुंबईत कमी बजेटमध्ये घर शोधताना काय तपासाल?

मुंबईत दरमहा भाडं झेपत नाही आणि घर विकत घेण्याइतके पैसेही नाहीत, अशी अनेकांची अडचण असते. मग एजंट किंवा ओळखीतलं कुणीतरी वेगळा पर्याय सुचवतं. अशा तीन पर्यायांत पैसे देऊन तुमच्या हाती नेमकं काय येतं, ते समजून घेऊ.

हेवी डिपॉझिट

घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि ठरलेली मुदत भाडं न देता किंवा नाममात्र भाड्यात राहायचं. घर सोडताना रक्कम परत मिळते. पण हे राहणं फुकट नसतं. समजा, तुम्ही १० लाख रुपये दिले. तेच पैसे ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवले असते तर वर्षाला ७० हजार मिळाले असते. म्हणजे महिन्याला साधारण ५,८०० रुपये हे तुमचं खरं भाडं. तसंच घर १२ हजारांना मिळत असेल तर हिशेब फायद्याचा. मात्र डिपॉझिटसाठी १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढलं, तर व्याजच महिन्याला ११,६०० च्या पुढे जातं.

मोठी जोखीम मुदलाची आहे. मालकाकडे परत द्यायला पैसे नसतील तर? घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले तर? म्हणून घरावर बोजा आहे का, ते आधी तपासा. रक्कम रोखीने देऊ नका. लिव्ह अँड लायसन्स करारात डिपॉझिटचा पूर्ण आकडा लिहून घ्या आणि करार नोंदवा. कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. १० लाख डिपॉझिट आणि शून्य भाडं असेल, तर दोन वर्षांच्या करारावर मुद्रांक शुल्क सुमारे ५०० रुपये आणि शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये.

पागडी

इथे तुम्ही लाखो रुपये मोजता, पण घराचे मालक होत नाही; भाडेकरू होता. भाडं अगदी कमी असतं आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण मिळतं. पुढे हा हक्क दुसऱ्याला देताना मालकाची संमती लागते आणि तो रकमेत हिस्सा घेतो, बहुतेकदा एक तृतीयांशाच्या आसपास. बँका अशा घरांना सहसा गृहकर्ज देत नाहीत. भाडेपावती तुमच्या नावावर होणार नसेल तर व्यवहार करू नका.

म्हाडाची सोडत

तिन्हींपैकी घर तुमच्या मालकीचं होतं ते इथेच. मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट. अर्जासाठी अधिवासाचा पुरावा लागतो. घर लागल्यावर ५ वर्षं विकता येत नाही. सोडत संगणकीय असते, त्यामुळे 'घर लावून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अडचण एकच: नंबर कधी लागेल, सांगता येत नाही. तोवर भाड्याची सोय करावीच लागते.

मग निवडायचं कसं?

दोन-तीन वर्षांचीच गरज असेल आणि पैसे स्वतःचे असतील तर हेवी डिपॉझिटचा विचार करा. दीर्घकाळ राहायचं असेल आणि कर्जाशिवाय रक्कम उभी राहत असेल तर पागडी. म्हाडाचा अर्ज मात्र पात्र असाल तर दरवेळी भरा. आणि कुठलाही पर्याय निवडला तरी टोकन देण्याआधी एक प्रश्न विचारा: उद्या वाद झाला, तर माझ्या नावावर कोणता कागद असेल?