शून्य म्हणजे नेमकं किती? युरोव्हिजनमधला नॉर्वे

युरोव्हिजन ही युरोपातल्या प्रसारण संस्थांची गाण्यांची स्पर्धा 1956 पासून चालू आहे. नॉर्वे तिच्यात 1960 साली उतरला. या देशाची ख्याती काय, तर शून्य गुण! 1963, 1978, 1981 आणि 1997, असे चारदा. जिंकलाही तीनदा: 1985, 1995, 2009.

ही सात वर्षं एका रेषेवर मांडली की गोष्ट आपोआप तयार होते. आधी सतत हरणारा देश, मग हळूहळू सुधारलेला. मीही सुरुवातीला असाच आलेख काढून बसलो होतो. पण 1997 चं शून्य दोन विजयांनंतरचं आहे, ते या गोष्टीत बसतच नाही. आणि खरी अडचण त्याच्याही आधीची आहे: ही चार शून्यं एकसारखी नाहीत.

1963 मध्ये प्रत्येक देशाचं परीक्षक मंडळ फक्त पाच गाण्यांना गुण द्यायचं. देश 16, म्हणजे नॉर्वेला गुण मिळण्याच्या जागा 75. त्या वर्षी चार देशांना शून्य मिळालं. नॉर्वेच्या जोडीला स्वीडन, फिनलंड आणि नेदरलँड्स होते. त्यामुळे त्यात फारसं काही विशेष नव्हतं. 1975 ला पद्धत बदलली. आता प्रत्येक मंडळ दहा गाण्यांना 12, 10 आणि मग 8 पासून 1 पर्यंत गुण देऊ लागलं. 1978 ला पॅरिसमध्ये 20 देश होते. 19 मंडळांनी प्रत्येकी दहा गाणी निवडली, म्हणजे 190 जागा, आणि त्यांतल्या एकाही जागेवर यान टाइगेन नाही! नव्या पद्धतीतलं हे पहिलंच शून्य. दोन्ही वर्षांच्या रकान्यात आकडा तोच, घटना मात्र अगदी वेगळ्या.

विजयांचंही तेच. 1985 ला 123 गुण, 2009 ला 387. तिप्पट यश? 1985 ला मत देणारे इतर देश 18, म्हणजे कमाल गुण 216. 2009 ला इतर देश 41, कमाल 492. टक्केवारी काढली तर 57 आणि 79. वाढ आहेच, पण तिप्पट नाही. (छेद न बघता अंश मोजणं ही आपल्याकडची जुनी खोड.)

मग कारण काय, भाषा? नॉर्वेजियन कुणाला कळत नाही म्हणून हार, हे उत्तर लगेच सुचतं. 1977 ते 1998 या काळात आपल्याच भाषेत गाण्याची सक्ती होती. पण 1985 आणि 1995 चे विजय याच सक्तीच्या काळातले, आणि दोन्ही रॉल्फ लोवलान यांच्या रचना. 1995 च्या गाण्यात शब्द जेमतेम 24, बाकी बहुतेक व्हायोलिन. म्हणजे भाषेचा मुद्दा खोटा नाही, पण तो एकटा पुरत नाही.

टाइगेनचं पुढे काय झालं, तेही बघा. शून्य मिळवून परतलेला हा गायक घरी पडला तर नाहीच, उलट जास्तच लोकप्रिय झाला. 1982 आणि 1983 ला तो पुन्हा नॉर्वेतर्फे याच स्पर्धेत गायला. गुणांच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. त्यासाठी त्या काळची नॉर्वेतली वर्तमानपत्रं आणि तिथल्या गाण्यांच्या क्रमवाऱ्या काढून बसावं लागतं. मी सध्या तेच करतोय.