कापडी लंगोट आणि बाळाचे पुरळ: पाणी कमी असताना काय कराल?

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. मोशी, चिखली, चाकण परिसरातल्या बऱ्याच सोसायट्या टँकर किंवा बोअरवर अवलंबून असतात. पाणी मोजून वापरताना लंगोट खळबळायला कमी पडते. बोअरचे पाणी जड असेल, तर साबण सहज निघत नाही. कापडात उरलेला साबण, ओलावा आणि शी-शू यांमुळे बाळाची त्वचा लाल होते.

काय करावे?

- लंगोट ओला होताच बदला, रात्रीही तपासा.
- साबण कमी घ्या, म्हणजे कमी पाण्यात फेस निघेल. फॅब्रिक कंडिशनर टाळा.
- उन्हात वाळवा. पावसाळ्यात दमट लंगोटावर इस्त्री फिरवा.
- कोमट पाण्याने स्वच्छ करून त्वचा टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावा. पावडर नको, ती श्वासातून आत जाऊ शकते.
- रोज थोडा वेळ बाळाला लंगोटाशिवाय ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर दाखवा. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या असतील, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचे मलम आणू नका. पू, फोड किंवा ताप असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठा.